मुलाचं म्हणणं आणि आपलं इंग्रजी

(देऊळघाट येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय, ‘प्राथमिक शाळेतलं इंग्रजी आणि विद्यार्थी-केंद्रित शिक्षण’. माणूस तत्त्वज्ञानाचा, हा इंग्रजीबद्दल काय सांगणार, असं काहींच्या मनात आलं असेल. ते रास्तच आहे. मी पस्तीस वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. खरं सांगायचं तर नोट्स सांगितल्या. मुलांनी उतरवून घेतल्या आणि परीक्षेत मला परत केल्या. निवृत्तीनंतर एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून एक दिवस जायला लागलो. तिथले मुख्याध्यापक म्हणाले, सर, पोरांशी थोडं इंग्रजी बोला. तेव्हापासून जे शिकलो, त्यातलं काही आज सांगतो. मी तिथे शिकवायला गेलो होतो, पण शिकलो मीच जास्त.

आता येताना एका गृहस्थांनी मला थांबवलं. म्हणाले, “सर, पोराले बुलढाण्याच्या इंग्लिश मीडियमले टाकू, का इथंच राहू देऊ? इथं येईन का त्याले इंग्रजी?” मी त्यांना म्हटलं, व्याख्यानाला बसा, शेवटी उत्तर देतो. ते समोर बसलेले दिसतायत. त्यांचा प्रश्न साधा नाही. त्यात शाळेची फी आहे, रोजचा गाडीचा खर्च आहे, आणि आपण मागे राहिलो तसं पोरगं राहू नये ही भीती आहे.

आमच्या वेळी पाचवीत ए-बी-सी-डी सुरू व्हायची. पुढे रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना सरकारनं निर्णय घेतला आणि २००० सालापासून मराठी, उर्दू अशा सगळ्या माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. त्यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. निर्णयामागचा हेतू बरोबर होता. शहरातल्या मुलाला जे लवकर मिळतं, ते खेड्यातल्या मुलालाही मिळावं. आज त्या निर्णयाला पाव शतक झालं. पहिलीत इंग्रजी शिकलेली मुलं आता आईबाप झाली. तरी ते गृहस्थ आज हा प्रश्न विचारतात. म्हणजे इंग्रजी वर्गात आलं, पण मुलापर्यंत पोचलं का, हे तपासावं लागेल.

आता ‘विद्यार्थी-केंद्रित’ या शब्दाकडे वळू. हा शब्द परदेशातून आला असं आपण समजतो. पण भावनगरला गिजुभाई बधेका १९२० पासून बालमंदिर चालवत होते. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांत काम केलं. तिथली मुलं शाळेत येत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. काही मुलं गुरं चारायला जायची, म्हणून शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणाले. मूल जिथं आहे, तिथं शिक्षकानं जायचं. विद्यार्थी-केंद्रित म्हणजे काय, याची यापेक्षा सोपी व्याख्या मला सापडलेली नाही.

कायद्यातही हे आलं आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, कलम २९. शिक्षण कृतीतून आणि शोधातून व्हावं, मुलाला भीती वाटू नये, त्याला आपलं म्हणणं मोकळेपणानं मांडता यावं, आणि शक्य तिथवर माध्यम मातृभाषा असावं. ‘आपलं म्हणणं मांडता यावं’ हे शब्द लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

मग सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं नाव गाजलं. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांचा गट. तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद साध्या शाळांत उतरवून दाखवला. फरशीवर आखणी केली, हाताळायला साहित्य दिलं, आणि मुलं आपापली शिकू लागली. राज्यभरातून शिक्षक बघायला गेले. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या. यात वाईट काही नाही. रंगीत शाळा मुलांना आवडते. पण जे बघायला गेले त्यांतल्या अनेकांनी फरशी पाहिली आणि फरशीवर बसलेलं मूल काय बोलतंय ते ऐकायचं राहून गेलं. दुसऱ्यांना नावं कशाला ठेवू? मी स्वतः तेच केलं. ती गोष्ट सांगतो.

ऑक्टोबरचा महिना होता. तिसरी-चौथीचा वर्ग एकत्र बसलेला. मी त्या दिवशी ‘वेदर’ या विषयाची जय्यत तयारी करून गेलो होतो. नातीकडून चित्रांची कार्डं करून घेतली होती. ‘सनी’ला सूर्य, ‘रेनी’ला छत्री, ‘स्नोई’ला बर्फाचा माणूस. आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्यावाल्याकडे मिळतो, पण कार्डात होता खरा. मुलं गोलात बसली, कार्डं फिरू लागली, मुलं ओरडून नावं सांगू लागली. कोणी साहेब आले असते तर शेरा मिळाला असता, अतिशय विद्यार्थी-केंद्रित पाठ.

तेवढ्यात बाहेर आभाळ भरून आलं. खिडकीजवळचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, एकदम उभा राहिला. म्हणाला, “सर, रेन कम. सोयाबीन वेट.”

मी काय केलं? मी म्हणालो, “नो, नो. से, इट इज रेनिंग. रिपीट.” सगळ्या वर्गानं म्हटलं, इट इज रेनिंग. तो मुलगा खाली बसला आणि मग तासभर खिडकीतून बाहेर बघत राहिला.

तास संपल्यावर तिथल्या मॅडम मला म्हणाल्या, “सर, राग मानू नका. त्यानं तुम्हाला बातमी सांगितली. तुम्ही व्याकरण तपासलं.” त्याच्या वडिलांनी दोन दिवसांपूर्वी सोयाबीन सोंगून शेतात सुडी लावून ठेवली होती. ताडपत्री पुरेशी नव्हती. तुम्ही शेतकरी माणसं, सुडी भिजणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. वर्षाचा घास. ते पोरगं चार शब्दांत घरावरचं संकट सांगत होतं, आणि तेही इंग्रजीत! माझ्यासाठी! आणि मी त्याला बर्फाच्या माणसाच्या वर्गात परत बसवलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या लक्षात आलं की त्या अख्ख्या तासात खरं इंग्रजी एकदाच बोललं गेलं, आणि ते चुकीचं होतं. बाकीची सगळी वाक्यं बरोबर होती, पण ती कुणाचीच नव्हती. हातात पेन धरून ‘धिस इज अ पेन’ म्हणतो तेव्हा ते पेन आहे हे सगळ्यांना दिसत असतं. ते वाक्य ऐकून कुणाला काही नवीन कळत नाही. भाषा लागते कशाला? दुसऱ्याला जे माहीत नाही ते सांगायला, हवं ते मागायला, नको ते नाकारायला. मूल मराठी असंच शिकलं ना? पाळण्यातल्या लेकराला आपण ‘ही वाटी आहे, पुन्हा म्हण’ असं करत नाही. ते ‘मम’ म्हणतं आणि आई धावते. आई आधी अर्थ ऐकते. शब्द नीट करायचं काम ती पुढं सावकाश करते.

म्हणून मला आज एवढंच सांगायचंय: मूल इंग्रजीत काही म्हणतं तेव्हा आधी त्याचं म्हणणं ऐका, मग वाक्य बघा. मूल केंद्रस्थानी आहे की नाही, ते या क्रमावरून ठरतं.

भाषेच्या शिक्षणात हा विचार गांभीर्यानं तपासला गेला तो आपल्याच देशात. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो जगभर ओळखला जातो. व्याकरणाचे धडे क्रमानं न शिकवता त्यांनी मुलांना इंग्रजीतून सोडवायची कोडी दिली. रेल्वेचं वेळापत्रक बघून कुठली गाडी धरावी, नकाशा बघून कसं जावं, अशी. एक कोडं शिक्षक सगळ्यांबरोबर सोडवणार, तसंच दुसरं मुलं सोडवणार. प्रभूंचं म्हणणं असं, की मन अर्थात गुंतलं की भाषा त्या ओघात आत जाते. इकडे न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिका माओरी मुलांना वाचायला शिकवत. त्या मुलाला विचारत, तुला आज कुठला शब्द हवा? तो शब्द कार्डावर लिहून त्याच्या हातात देत. भीतीचा, प्रेमाचा, घरातल्या भांडणाचा शब्द मूल एकदा बघून विसरत नसे. आमच्या त्या मुलानं कार्ड मागितलं असतं तर ‘स्नो’ मागितलं नसतं, ‘वेट’ मागितलं असतं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे मुलांना वाटेल ते बोलू द्यायचं आणि शिक्षकानं बघत बसायचं? अजिबात नाही. जॉन ड्यूई हा अमेरिकन तत्त्वज्ञ या विचाराचा मोठा पुरस्कर्ता. पण १९०२ साली ‘द चाइल्ड अँड द करिक्युलम’ या छोट्या पुस्तकात त्यानंच दोन्ही बाजूंना बजावलंय. मूल एका टोकाला आणि विषय दुसऱ्या टोकाला, असं भांडण लावू नका. मुलाचा आजचा अनुभव आणि विषयाचं ज्ञान ही एकाच वाटेची दोन टोकं आहेत. त्या वाटेवरून मुलाला नेणारा शिक्षक लागतो. उलट अशा वर्गात शिक्षकाचं काम वाढतं, कारण त्याला मूल कुठं उभं आहे हे माहीत असावं लागतं.

आपलं मूल कुठं उभं आहे ते पाहू.

पहिली गोष्ट, ते इंग्रजीच्या वर्गात रिकाम्या हातानं येत नाही. त्याला शेतावर न्या आणि शब्द मोजा. मोटर, स्टार्टर, फ्यूज, पाईप, स्प्रिंकलर, ट्रॅक्टर, ट्रॉली, डिझेल, थ्रेशर. घरात मोबाईल, चार्जर, रेंज, रिचार्ज. रस्त्यावर बस, स्टँड, ब्रेक, पंक्चर. दवाखान्यात सलाईन, इंजेक्शन. पहिलीतल्या पोराकडे असे शंभर शब्द सहज निघतात. मी एकदा मुलांना यादी करायला सांगितली, फळा भरला. एक मुलगी म्हणाली, “सर, हे सगळं इंग्रजी हाय? आमची आजी तं रोज बोलते!” पुस्तकातली ‘डॉल’ आणि ‘केक’ नंतर शिकवा. आधी या आजीच्या इंग्रजीपासून सुरुवात करा. ‘स्टार्ट द मोटर’, ‘स्टॉप द मोटर’. घरी जाऊन पोरगं बापाला सांगेल.

दुसरी गोष्ट अक्षरांची. मराठीत ‘क’ हे अक्षराचं नाव आणि ‘क’ हाच त्याचा उच्चार. आपली बाराखडी मुलाला विश्वास देते की जसं लिहिलंय तसं वाचायचं. मग इंग्रजी येतं. ‘सी-ए-टी’ म्हणायचं आणि वाचायचं ‘कॅट’! एका मुलानं मला विचारलं होतं, “सर, मग सीएटी काहून नाही?” किती शहाणा प्रश्न. ‘डब्ल्यू’च्या नावात तर ‘व’ कुठं ऐकूच येत नाही. मूल अडखळतं आणि त्याला वाटतं, मीच ढ. त्याला एकदा स्पष्ट सांगा, बाळा, इंग्रजीत अक्षराचं नाव वेगळं आणि आवाज वेगळा, तुझं काही चुकलं नाही. मग आधी आवाज शिकवा, नावं मागून. उर्दू शाळेतल्या मुलाला तर लिहायची दिशाच उलटी करावी लागते. त्याची भाषा उजवीकडून डावीकडे चालते. सुरुवातीला तो उलटं गिरवतो तेव्हा तो आळशी नसतो, त्याचा हात दुसऱ्या सवयीचा असतो.

तिसरी गोष्ट चुकांची. ‘आय स्कूल गो’ असं मूल म्हणतं. आपण हसतो. पण ‘मी शाळेत जातो’ यात क्रियापद शेवटी आहे. मुलानं मराठीचा नियम इमानदारीनं पाळलाय, फक्त शब्द इंग्रजी घातलेत. ‘अ’ आणि ‘द’ तो गाळतो, कारण मराठीत तसलं काही नाहीच. चूक ही त्याच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवणारी खिडकी आहे. ती बंद केली तर आपल्याला आत दिसायचं कसं? तो म्हणाला ‘आय स्कूल गो’, तर आपण आनंदानं म्हणावं, “ओह, यू गो टू स्कूल! हू गोज विथ यू?” त्याला बरोबर रूप ऐकायला मिळालं, आणि बोलणं थांबलं नाही. ‘रिपीट’ म्हणायची गरजच पडत नाही. वहीत लिहिताना मात्र बरोबरच लिहून घ्यावं. तिथं सूट नको.

आता अडचणी. शिक्षक मंडळी मनात म्हणत असतील, सरांना बोलायला काय जातं? दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, ऑनलाइन माहिती भरायची, खिचडीचा हिशेब, शिवाय परीक्षा. हे सगळं खरं आहे. म्हणून मी त्या मॅडमनी शोधलेली युक्ती सांगतो. त्या रोज फक्त दहा मिनिटं ‘आजची बातमी’ घेतात. एक मूल उभं राहून आपल्या घरची किंवा गावची एक बातमी सांगतं. मराठीत, उर्दूत, गोरमाटीत, ज्या भाषेत येईल त्या. बाकीची मुलं इंग्रजीत प्रश्न विचारतात. प्रश्नाचे शब्द पाच-सहाच: हू, व्हॉट, व्हेअर, व्हेन, हाऊ मेनी. मॅडम फळ्यावर तीन-चार इंग्रजी वाक्यं लिहितात, मुलाचं नाव वर घालून. ‘अवर गोट हॅज टू किड्स. वन इज ब्लॅक.’ सगळे वाचतात, वहीत उतरवतात. महिन्याच्या शेवटी त्या वह्या म्हणजे वर्गानं स्वतः लिहिलेलं पुस्तक होतं. चारही वर्ग एकत्र असले तरी हे चालतं. पहिलीचं पोरगं एक शब्द वाचेल, चौथीचं चार वाक्यं. बालभारतीचं पुस्तक बाजूला ठेवायचं नाही. उलट ज्या वर्गानं स्वतःच्या शेळीबद्दल वाचलंय, त्याला पुस्तकातला प्राण्यांचा धडा सोपा जातो.

प्रभूंचं कोडंही इथं करता येईल. बुलढाण्याच्या गाड्यांच्या वेळा मुलांकडूनच गोळा करा. अर्ध्या वेळा एकाच्या कागदावर, उरलेल्या दुसऱ्याच्या. एकमेकांना इंग्रजीत विचारल्याशिवाय वेळापत्रक पूरं होणार नाही.

एक अडचण शिक्षक चारचौघांत बोलत नाहीत, पण मला खासगीत सांगतात. “सर, आम्हालाच इंग्रजी बोलायची भीती वाटते.” याची लाज वाटून घेऊ नका. तुम्हीही ‘रिपीट’च्याच वर्गात शिकलात, मीही. मुलानं शब्द विचारला आणि आला नाही, तर सांगा, “मलाही माहीत नाही, चल शोधू.” सॉक्रेटिसनं ‘मला माहीत नाही’ म्हणत आयुष्यभर प्रश्न विचारले आणि तत्त्वज्ञानाला वाट दाखवली. तुम्ही एक शब्द शोधलात तर तुमची अब्रू जाणार नाही. आणि मुलाला त्याच्या भाषेत समजावायला कचरू नका. मराठी किंवा उर्दू बोललं की इंग्रजी बिघडतं, हा गैरसमज आहे. ज्या मुलाला आपल्या भाषेत म्हणणं मांडता येत नाही, ते दुसऱ्या भाषेत काय मांडणार?

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. दादा, मी तुम्हाला हीच शाळा किंवा तीच शाळा असं सांगणार नाही, तुमच्या घरचा हिशेब तुम्हाला ठाऊक. पण शाळा निवडताना पाटीवरची भाषा बघू नका, गणवेश आणि टायही बघू नका. मुलाला रोज एकच प्रश्न विचारा, “आज वर्गात तू काय बोललास?” ‘सरांनी काय शिकवलं’ असं नको. तू काय बोललास? महिनाभर उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर ती शाळा कुठल्याही माध्यमाची असो, तिथं इंग्रजी येणं अवघड आहे. आणि उत्तर आलं, ‘मी आपल्या गाईचं सांगितलं, सगळे हसले, मग बाईंनी ते फळ्यावर लिहिलं’, तर निर्धास्त राहा. गावातल्या शाळेत हे होत नसेल तर गप्प बसू नका. शाळा व्यवस्थापन समितीत बसा, गुरुजींशी बोला. ती शाळा तुमची आहे.

त्या मुलाचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. पुढच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा कार्डं नेली नाहीत. त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, “सोयाबीन वेट?” तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “हाफ वेट, सर. हाफ ओके. आय अँड बाबा… ताडपत्री.” आणि हातानं ओढून दाखवलं. मी म्हटलं, “यू अँड बाबा कव्हर्ड इट!” तो म्हणाला, “येस. कव्हर्ड इट.” ‘कव्हर्ड’ हा भूतकाळाचा शब्द त्या वर्गाला कुठल्याच धड्यात शिकवला नव्हता. तो त्यानं तिथल्या तिथं उचलला, कारण त्याला तो लागत होता.

अर्धी सुडी भिजली, याचं वाईट आजही वाटतं. पण त्या दिवशी मी त्याचं ऐकलं नाही, याचं जास्त वाटतं.